शेजारणीचं क्रीम

एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणी. पाणी तेच, जेवण तेच, साबणाची वडीही तीच. थोरलीच्या कपाळावर आणि हनुवटीवर मुरूम येतात, धाकटीच्या दोन्ही गालांवर वांग उमटलाय. शेजारीण थोरलीला एक ट्यूब सुचवते. आठवड्याभरात थोरलीचा चेहरा नितळ दिसू लागतो, म्हणून धाकटीही तीच लावते आणि तिचाही रंग उजळतो. सहा महिने जातात. आता दोघींचे गाल उन्हात गेलं की लाल होऊन चुरचुरतात, बारीक लव वाढलेली दिसते आणि दोन दिवस ट्यूब लावली नाही की चेहराभर पुरळ उठतं. पुन्हा लावली की बरं वाटतं, म्हणून ती सुटत नाही.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला ही हकीकत नवी नाही. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड १९५२ मध्ये आलं आणि इसबासारख्या छळणाऱ्या रोगांवर डॉक्टरांच्या हाती पहिल्यांदाच खात्रीचं औषध आलं. योग्य रोगावर, मोजके दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली लावलं तर ते आजही उत्तम औषध आहे. पण चेहऱ्याची कातडी पातळ असते, तिच्यातून ते जास्त शोषलं जातं. महिनोन्‌महिने लावत राहिलं की कातडी विरत जाते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरूम वाढतात आणि औषध थांबवलं की सगळं उसळून वर येतं. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन भारतातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते आणि त्यांच्यातले सव्वाशे जण ते कुठल्या रोगासाठी लावत नव्हतेच. रंग उजळायला, रोजचं क्रीम म्हणून किंवा दाढी केल्यावर ते लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही मेडिकलच्या काउंटरवर ‘डागांवरचं क्रीम द्या’ म्हटलं की ती आजही सहज हातात पडतात.

या प्रकरणाचा विषय आहे प्रत्येकाच्या त्वचेला जुळणारी निगा. आधी ट्यूबची गोष्ट सांगितली, कारण थोरलीचा त्रास आणि धाकटीचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे कुणी ओळखलंच नाही. माझ्या मते आपल्या त्वचेला जुळणारी निगा म्हणजे आपल्या नावाची बाटली मिळणं नव्हे. हा डाग कशाचा, तो इथेच का आला आणि हा माणूस दिवसभर काय करतो, हे आधी विचारणं म्हणजे निगा. बाटलीचा विचार त्यानंतर.

त्वचेचे ‘प्रकार’ पाडायची सवय बाजाराला जुनीच आहे. तेलकट, कोरडी, सर्वसाधारण ही वाटणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेलेना रुबिनस्टाइन या सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योजिकेनं रुळवली. आज मोबाइलवर सात-आठ प्रश्न विचारून क्रीम सुचवणारी अ‍ॅप्सही बहुतेक तीच वाटणी पुढे चालवतात. डॉक्टरांकडे दुसरी एक मोजपट्टी आहे. अमेरिकेतले डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले ते सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांची मात्रा किती द्यायची हे ठरवायला. ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते, एवढाच तिचा प्रश्न होता. सुरुवातीला ती गोऱ्या लोकांपुरतीच होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. आपण भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्यात मोडतो.

त्याच १९७५ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र करून डाग फिकट करणारं मिश्रण जाहीर केलं. आणि त्याच साली भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. मोजपट्टी गोऱ्या कातडीसाठी, औषध थोड्या आठवड्यांसाठी आणि जाहिरात सावळेपणालाच दोष मानणारी. या तिन्हींची सरमिसळ आपल्या चेहऱ्यांवर झाली. क्लिगमन यांच्या मिश्रणाच्या धर्तीवरच्या, अधिक तीव्र स्टिरॉइड घातलेल्या ट्यूबा पुढे इथे गोरेपणाच्या क्रीमसारख्या वापरल्या जाऊ लागल्या. ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढला. रंगाची ओढ मात्र नावाबरोबर गेलेली नाही.

ही ओढ कुठवर नेते, त्याची उदाहरणं आपल्या जवळचीच आहेत. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना उजळवणारं एक क्रीम लावल्यानंतर मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनीही मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण २०२१ ते २०२३ या काळात अभ्यासले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचा धागा गोरेपणाच्या क्रीमशी जुळला. पारा मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य बनवणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून रंग खरोखरच उतरतो, आणि त्याच वेळी तो कातडीतून रक्तात जातो. भारतात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. डबीवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, आणि आठवड्यात गोरेपणाची हमी आहे, तर ती डबी घरात आणू नका.

आता थोरलीकडे येऊ. मुरूम होण्यामागे चार गोष्टी असतात: तेलग्रंथी जास्त पाझरतात, केसाच्या मुळाशी मृत पेशींचा बूच बसतो, तिथले जिवाणू वाढतात आणि सूज येते. या चार गोष्टी सगळ्यांत असल्या तरी मुरूम कुठे आले हे पाहिलं की कारणाचा माग लागतो. केसांच्या रेषेलगत, कपाळावर बारीक काळ्या-पांढऱ्या पुटकुळ्या असतील तर आधी डोक्याला चोपडलेल्या तेलाकडे आणि केसांच्या जेलकडे बघावं. रात्री तेल लावून झोपलं की ते उशीवरून गालावर येतं. जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर पाळीच्या आगेमागे दुखरे फोड येत असतील, पाळी पुढे-मागे होत असेल, ओठांवर किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर प्रश्न चेहऱ्याचा कमी आणि पीसीओडीचा, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाचा, जास्त असू शकतो. अशा वेळी फेसवॉश बदलत बसणं म्हणजे वर्षं वाया घालवणं. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाच्या पाठीवर अचानक मुरूम उठले तर तो कुठली पावडर पितो आणि कुठलं इंजेक्शन घेतो, हे संकोच न करता विचारायला हवं. आणि छाती-पाठीवर सगळे दाणे एकाच आकाराचे असतील, घामात खाजत असतील, तर ते मुरूम नसून बुरशीमुळे आलेले फोड असू शकतात. अँटिबायोटिक घेतल्यानं ते वाढतात.

साध्या मुरमांवर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन ही नावं डॉक्टर लिहून देतात. पण इथेही ज्याची त्याची त्वचा आडवी येते. अ‍ॅडापलीन रोज लावायला सुरुवात केली की आपल्याकडच्या अनेकांची कातडी सोलवटते आणि सावळ्या त्वचेवर त्या चुरचुरीचाच काळा डाग मागे राहतो. म्हणून वाटाण्याएवढं, एक दिवसाआड, रात्री. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, कारण कातडीच्या पेशींना तळातून वर यायलाच सुमारे चार आठवडे लागतात. दिवस गेले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर अ‍ॅडापलीन लावू नये. पोटातून घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन तर मुळीच नको, त्यानं गर्भात गंभीर व्यंगं होतात. औषध लिहून घेताना ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तर आपण सांगावी.

धाकटीचा प्रश्न अवघड आहे. आपल्या लोकांची सगळ्यात मोठी तक्रार काळेपणाची, आणि काळेपणाला एक कारण कधीच नसतं. गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंग बनवणाऱ्या पेशी जवळजवळ सारख्याच संख्येनं असतात. फरक त्या किती रंग बनवतात आणि तो कसा पसरतो यात असतो. आपल्या या पेशी चटकन उत्तेजित होतात. मुरूम फोडला, भाजलं, मेण ओढताना कातडी सोलली, लिंबू चोळलं, की त्या रंग ओततात. त्यामुळे गोऱ्या माणसात जो लालसर व्रण महिन्यात मावळतो, तो आपल्यात तपकिरी होऊन वर्षभर टिकतो. मुरमांचे डाग घालवायचे तर आधी मुरूम थांबायला हवेत. डागांवरचं सीरम त्यानंतर. लिंबाबद्दल तर कळकळीनं सांगते: लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की ते लावून उन्हात गेलं तर कातडी अक्षरशः भाजते आणि तिथे गडद पट्टे उमटतात. घरातलं आहे म्हणून ते सौम्य असतंच असं नाही.

वांग मात्र वेगळा. तो दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखा पसरतो. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यात असलेला कल आणि ऊन ही त्याची कारणं. तो पुरुषांनाही होतो, आणि पुरुष बहुतेक वेळा ते सांगतच नाहीत. वांग कायमचा जात नाही, फिकट होतो आणि उन्हाळ्यात परततो. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं गेलं तर माणूस जादूच्या ट्यूबच्या मागे धावत नाही. वांगावर दिसणाऱ्या प्रकाशाचाही परिणाम होतो, म्हणून त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा उपयोगी. अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड, नायसिनामाइड हे त्यातल्या त्यात सौम्य उपाय. हायड्रोक्विनोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरतं.

आणि काही काळेपणा तर त्वचेचा नसतोच. मानेच्या मागे, काखेत कातडी जाड, मखमलीसारखी आणि काळी झाली, की घरातले म्हणतात नीट घासत नाहीस. मग पोर घासत बसतं. खरं तर बहुतेक वेळा हे शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचं लक्षण असतं. तिथे वजन, कंबरेचा घेर आणि रक्तातली साखर तपासायला हवी. शाळकरी मुलाच्या मानेवर हे दिसलं तर ती त्याला वेळेवर मिळालेली सूचना समजावी. घासण्यानं मात्र दुसराच रोग होतो. नायलॉनच्या घासणीनं वर्षानुवर्षं पाठ, दंड, खांदे रगडणाऱ्यांच्या कातडीवर राखी-तपकिरी ठिपक्यांचे पट्टे उमटतात आणि ते सहजी जात नाहीत. वज्री पायांच्या टाचांसाठी आहे. ती कोपरांवर आणि मानेवर चालवू नये.

उन्हाबद्दल सगळे एकच वाक्य सांगतात: सनस्क्रीन लावा. कुणाला, कसं, हे सांगत नाहीत. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा होतात. बहुतेक लोक याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं असतं. बँकेत खिडकीशी बसणाऱ्या बाईला हे जमेल, आणि तिनं लावावंही, कारण यूव्हीए किरण काचेतून आत येतात. पण यवतमाळच्या कपाशीत दिवसभर निंदण करणाऱ्या, घामानं निथळणाऱ्या बाईला दर दोन तासांनी सनस्क्रीन सांगणं हा सल्ला नव्हे. तिला घट्ट विणीचं सुती कापड, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी जास्त राखते. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, तेही चांगलंच. फक्त तो रोज धुतलेला हवा आणि ओढून बांधलेला नको.

कोरडेपणात प्रदेशाचा हात मोठा. रत्नागिरीच्या दमट हवेत जे मॉइश्चरायझर चिकट वाटतं, तेच जानेवारीत नागपूरला अपुरं पडतं. त्वचेचा वरचा थर सारवलेल्या जमिनीसारखा असतो. रोज रगडून धुतलं की तो पोपडे धरतो. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साधी साबणाची वडी चांगलीच अल्कधर्मी, आणि बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही. मराठवाड्यात कोरड्या, खाजऱ्या पायांची तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी पाणी कुठलं, हे विचारावं. कोमट पाणी, साबण फक्त काखा-जांघा-पायांना, अंग टिपून ओलसर असतानाच तेल किंवा मॉइश्चरायझर, एवढ्यानं पुष्कळांची खाज थांबते. खोबरेल या कामी चांगलं आहे, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर नको. दिवाळीचं उटणं कोरड्या अंगाला तेल लावून चोळलं तर हरकत नाही. सुजलेल्या मुरमांवर ते चोळू नये.

आता ज्या तक्रारी ‘माझी त्वचा नाजूक आहे’ या एका वाक्यात दडून राहतात त्यांच्याकडे वळू. माझ्या मते खरी व्यक्तिनिहाय तपासणी इथेच लागते. एक उदाहरण घ्या. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात एक परदेशी तण लोकांच्या नजरेत आलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले. गाजर गवत ते हेच. त्यातलं पार्थेनिन हे रसायन वाळलेल्या गवताच्या धुळीतून हवेत उडतं आणि ज्यांना त्याची ॲलर्जी जडते त्यांच्या पापण्या, मान, कोपरांच्या घड्या खाजून जाड आणि काळ्या होतात. अनेक शेतकरी हा उन्हाचा त्रास समजून वर्षं काढतात. त्यांना शेवंतीचाही त्रास होऊ शकतो, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या. अशा माणसाला जगातलं सगळ्यात महाग क्रीम दिलं तरी बांधावरचं गवत उपटेपर्यंत, आणि तेही त्यानं स्वतः नाही तर दुसऱ्या कुणी, हातमोजे घालून, त्याला आराम पडत नाही.

अशाच गोष्टी घरातही असतात. टिकलीच्या गोंदातल्या रसायनानं कपाळावर आधी खाज येते आणि मग नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. घरचे कोडाच्या भीतीनं तो लपवतात. केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी हे रसायन कानशिलं आणि कपाळ हळूहळू करडं-काळं करतं आणि माणूस त्याला ऊन लागणं म्हणतो. काळ्या मेंदीतही तेच मिसळलेलं असतं. बिब्ब्याचं तेल गुडघ्याला लावून फोड उठलेले म्हातारे आजही दवाखान्यात येतात.

हे ओळखायला पॅच टेस्ट असते. जर्मन डॉक्टर योसेफ याडासोन यांनी ती १८९५ मध्ये मांडली. संशयित पदार्थांचे बारीक ठिपके पाठीला चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि कुठे लाली-फोड आले ते त्या वेळी आणि पुन्हा एकदोन दिवसांनी पाहतात. ही तपासणी एका माणसाचं, फक्त त्याचंच उत्तर देते. चेहऱ्याचा फोटो पाहून डाग मोजणारी अ‍ॅप्स हे सांगू शकत नाहीत. शिवाय अशी यंत्रं ज्या छायाचित्रांवर शिकतात त्यांत गोरी त्वचा फार आणि आपली थोडी, ही त्यांची मोठी उणीव आहे. सावळ्या त्वचेवर सूज लाल न दिसता जांभळट किंवा राखी दिसते, हे वैद्यकीय पुस्तकांतच नीट दाखवलेलं नव्हतं. लंडनमधला मलोन मुकवेंडे हा वैद्यकीय विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक यांनी २०२० मध्ये खास त्यासाठी एक पुस्तिका काढली.

घरच्या घरी करता येईल अशीही एक चाचणी आहे. नवं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. तिथे काही उठलं नाही तरच चेहऱ्यावर. आणि एका वेळी एकच नवी गोष्ट. चार एकदम सुरू केल्या तर कशानं बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही.

डॉक्टरकडे जाल तेव्हा घरात जे जे अंगाला लागतं ते पिशवीत भरून न्या: साबण, तेल, क्रीमच्या ट्यूबा, केसांचा रंग, टिकलीचं पाकीट. मेकअप न करता जा. पोटातून घेत असलेल्या गोळ्यांची नावं लिहून न्या, काम काय करता ते सांगा, पाळीबद्दल लाजू नका. महिनोन्‌महिने स्टिरॉइड लावत असाल तर ते मनानं एकदम थांबवू नका, तसं स्पष्ट सांगून टाका, म्हणजे डॉक्टर ते टप्प्याटप्प्यानं सोडवतील. खासगी तज्ज्ञाची फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. मेडिकलच्या काउंटरवर जाण्याआधी तिथे केसपेपर काढा.